जोडकार्ड

मुलाखत संपली की टेबलापलीकडचे साहेब फाइल मिटतात आणि म्हणतात, ‘‘ठीक आहे, कळवतो आम्ही.’’ उमेदवार उठतो, खुर्ची पुन्हा जागेवर सरकवतो, प्रमाणपत्रांची प्लास्टिकची फाइल काखेत घेऊन बाहेर पडतो. मुलाखतीला जाण्याआधी काय करावं यावर आपल्याकडे वर्ग चालतात, पुस्तकं निघतात. कपडे कोणते घालावेत, हात कुठे ठेवावेत हेसुद्धा शिकवतात. मुलाखत झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. त्या दिवसांत उमेदवाराने एक पत्र लिहावं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्या पत्राला उत्तर मिळालंच पाहिजे, हे मत त्याहून ठाम आहे.

भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी नोकरी केली. टंकलेखक म्हणून लागले आणि त्याच विभागातून निवृत्त झाले. मधल्या काळात विभागाच्या दारावरची पाटी पर्सोनेलची एचआर झाली, टाइपरायटर गेले, संगणक आले. मुलाखतीची बोलावणी टाइप करणं, आलेल्यांना बाकावर बसवून चहा देणं, बाहेरगावच्यांना एसटीचं भाडं चुकतं करणं, निवड झालेल्यांना नेमणूकपत्र आणि बाकीच्यांना नकार पाठवणं, ही कामं माझ्याकडे होती. त्यामुळे मुलाखतीनंतर येणारी पत्रं सगळ्यात आधी मीच उघडायची. कुणी काय लिहितं आणि त्या लिहिण्याचं पुढे काय होतं, हे मला जवळून बघायला मिळालं.

बहुतेक पत्रांत विनवणी असायची. वडील अंथरुणाला खिळलेत, बहिणीचं लग्न ठरलंय, शेतात दोन वर्षं काही पिकलं नाही, तरी साहेबांनी सहानुभूतीने विचार करावा. यातलं एक अक्षरही खोटं नसायचं. बाकावर बसलेल्या पोरांच्या चपलांकडे बघितलं तरी ते कळायचं. पण मुलाखत घेणाऱ्यांना त्या पत्राचं काही करता येत नसे, कारण त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाच्या घरी थोड्याफार फरकाने तीच परिस्थिती होती. अडचण बघून निवडायचं ठरवलं तर कुणाची अडचण मोठी हे ठरवायचं कुणी? असं पत्र वाचणाऱ्याच्या मनाला चटका लावतं आणि फाइलला लागतं.

दुसरी पत्रं गाइडातून उतरवलेली. इंग्रजीत, तीच तीन वाक्यं, तोच क्रम. मुलाखत घेतल्याबद्दल आभार, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची इच्छा, आपल्या अनुकूल उत्तराची प्रतीक्षा. खाली सही नसती तर एकाचं पत्र दुसऱ्याच्या फाइलला लावलं तरी कळलं नसतं. आता तीच पत्रं संगणक लिहून देतो, अधिक सफाईने. सफाई वाढली म्हणून त्यात माणूस दिसू लागला असं मात्र नाही.

तिसऱ्या प्रकारची पत्रं क्वचित यायची. त्यातलं एक मला अजून ओळ न् ओळ आठवतं.

इन्स्पेक्शनमध्ये एक जागा होती. आयटीआय टर्नर झालेला एक मुलगा मुलाखतीला आला होता. प्रॉडक्शनच्या साहेबांनी त्याला विचारलं, ‘‘पातळ भिंतीचा बुश लेथवर बोअर केला. इनसाइड मायक्रोमीटर कुठूनही लाव, माप सगळीकडून सारखंच भरतं. तरी शाफ्ट आत जात नाही. का?’’ मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘सर, मला सांगता येत नाही.’’ साहेब ‘कळवतो’ म्हणाले, मुलगा गेला.

चार-पाच दिवसांनी पाकीट आलं. आत रेघांचा फुलस्केप कागद, मराठीत लिहिलेला, आणि पेन्सिलने काढलेली आकृती. त्याने लिहिलं होतं की प्रश्नाचं उत्तर आलं नाही म्हणून चैन पडेना. आयटीआयमध्ये जाऊन सरांची परवानगी घेतली, एक पातळ बुश थ्री-जॉ चकमध्ये मुद्दाम घट्ट आवळला आणि बोअर केला. चकच्या तीन जबड्यांनी भिंत तीन ठिकाणी आत दाबली जाते. त्या दाबात बोअर गोल होतं, पण चक सैल केला की भिंत परत उसळते आणि भोक तीन फुगवट्यांचं होतं. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोनच बिंदूंना टेकतो. एका बाजूला फुगवटा असतो तिथे नेमका समोर दाब येतो, म्हणून बेरीज कुठूनही तेवढीच भरते आणि दोष लपतो. तीन बिंदूंना टेकणारं गेज लावलं की तो पकडता येतो. उपायही लिहिला होता : सॉफ्ट जॉ मापाला बोअर करून घ्यावेत, म्हणजे बुशला चहूबाजूंनी आधार मिळतो, आणि शेवटचा कट घेण्याआधी चक थोडा सैल करावा. शेवटी एवढंच, की हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही, पण आपल्या प्रश्नामुळे कळलं, त्याबद्दल आभारी आहे.

मी ते पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं आणि तसंच हातात घेऊन शॉपमध्ये गेले. ती जागा दुसऱ्याला देऊन झाली होती, नेमणूकपत्र गेलं होतं. पुढे जागा निघाली तेव्हा आम्ही त्याला बोलावलं, तोवर तो चाकणला लागला होता. पण ती पेन्सिलची आकृती आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर काचेखाली कितीतरी वर्षं होती. नव्या पोरांना ती दाखवून समजावून सांगत.

मुलाखतीनंतरच्या पत्रात काय असावं हे मला या एका कागदाने शिकवलं. मुलाखतीत कामाचं जे बोलणं झालं ते पत्रात पुढे चालू राहिलं पाहिजे. उत्तर अर्धवट राहिलं असेल तर पुरं करावं. साहेबांनी एखादी अडचण सांगितली असेल तर त्यावर आपल्याला काय सुचलं ते सांगावं. काहीच राहिलं नसेल, तरी त्या अर्ध्या तासातली एक गोष्ट नाव घेऊन लिहावी, जी फक्त त्या खोलीत बसलेल्यांनाच माहीत आहे. आभार आपोआप त्यात येतात. अशा पत्रात उमेदवार हात पसरलेला दिसत नाही, उद्यापासून शेजारच्या टेबलावर बसू शकेल असा कामाचा माणूस दिसतो. आणि पत्र मुलाखतीच्या भाषेत लिहावं. मुलाखत मराठीत झाली तर मराठीत. जी भाषा आपल्याला वाकवता येते तिच्यातच बुश आणि चकचं सांगता येतं.

मुलाखतीनंतर आभाराचं पत्र पाठवायची रीत अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. तिथल्या नोकरी शोधणाऱ्या पिढ्यांनी वाचलेलं एक पुस्तक म्हणजे रिचर्ड बोल्स यांचं ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’. बोल्स मूळचे धर्मोपदेशक. १९७० साली त्यांनी ते स्वतःच छापलं, पुढे ते लाखोंनी खपलं. मुलाखतीनंतर आभाराची चिठ्ठी पाठवाच, आणि उशीर करू नका, असा त्यांचा आग्रह होता. उशीर न करण्यातलं शहाणपण मला पटतं. दिवसभरात आठ-दहा उमेदवार बघितले की दुसऱ्या दिवशी चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात. तोवर पत्र पोचलं तर नाव आणि चेहरा जोडलेला राहतो. त्यानंतर सांगितलेली तारीख उलटली की आठवड्याभराने एकदा विचारावं. त्यापुढे रोज ‘सर, काही अपडेट?’ असे व्हॉट्सॲप निरोप पाठवू नयेत. त्याने उत्तर लवकर येत नाही आणि लिहिणाऱ्याचंच मन पोखरतं.

सरकारी भरतीची गोष्ट वेगळी, तिथे ही रीत नेऊ नये. लोकसेवा आयोगाच्या सूचनांत स्पष्ट असतं की उमेदवारीसाठी कुठूनही पाठिंबा मिळवायचा प्रयत्न केला तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. तिथे मुलाखत मंडळाला पत्र लिहिणं म्हणजे हातानं संकट ओढवून घेणं. हा नियम मला कडक वाटत नाही, योग्य वाटतो. वशिल्याने ज्यांची आयुष्यं वाया गेली अशांची यादी आपल्या प्रत्येक तालुक्यात निघेल. केंद्र सरकारने तर गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. पण सरकारी उमेदवाराच्याही हातात एक कागद आहे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा झाला, तेव्हापासून दहा रुपये भरून तो आपले गुण विचारू शकतो आणि कार्यालयाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लेखी परीक्षेची स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. हा अर्ज लिहिताना कुणापुढे वाकावं लागत नाही. खाजगी नोकरीतल्या उमेदवाराला असं कुठलंच बळ नाही. त्याच्यापाशी फक्त पत्र.

काही पत्रं उमेदवारांची नसायची, त्यांच्या वडिलांची असायची. अशा पत्रांवर आमचे साहेब लोक नाराज व्हायचे. मुलगा मोठा झाला, बापाने कशाला मध्ये पडावं, असं म्हणायचे. मला ती पत्रं बाजूला टाकवत नसत. एकदा करमाळ्याकडून पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आलं. जागा पुरली नाही म्हणून शेवटच्या ओळी कडेने उभ्या लिहिलेल्या. मजकूर असा, की आमचे चिरंजीव आपल्याकडे मुलाखतीस येऊन गेले. मुलाखत चांगली झाली म्हणतात. पण पोस्टमन गल्लीत आला की उठून बाहेर जातात आणि परत आले की बोलत नाहीत. तरी जे असेल ते कळवावे. नाही असले तरी चालेल.

त्या वडिलांना साहेबांकडून काही नको होतं. मुलाला नोकरी द्या असंही त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं.

पुढे आइन्स्टाइनचं चरित्र वाचताना हे कार्ड मला आठवलं. झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून १९०० साली पदवी घेतल्यावर आइन्स्टाइनला कुठे साहाय्यकाची जागा मिळेना. १९ मार्च १९०१ ला त्यांनी लाइपझिगच्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड या नामांकित रसायनशास्त्रज्ञाला आपला पहिला शोधनिबंध पाठवला आणि काही काम असेल का असं विचारलं. उत्तर नाही. ३ एप्रिलला त्यांनी पुन्हा एक कार्ड टाकलं. मागच्या पत्रात पत्ता घातला होता की नाही आठवत नाही, एवढं निमित्त काढून. आठवण करून द्यायची, पण आठवण करून देतोय असं दिसू द्यायचं नाही, ही धडपड जगातल्या प्रत्येक उमेदवाराला ओळखीची वाटेल. त्याचंही उत्तर आलं नाही. मग १३ एप्रिलला वडिलांनी, हेरमान आइन्स्टाइन यांनी, मुलाला न सांगता ऑस्टवाल्डना पत्र लिहिलं. मुलगा खचत चालला आहे, नोकरी देता आली नाही तरी त्याचा निबंध वाचून दोन उमेदीचे शब्द लिहावेत, अशी त्यांची विनंती होती. मिलानचा एक धंद्यात ठेचकाळलेला बाप आणि करमाळ्याचे ते गृहस्थ, दोघांच्या कागदावर मागणं जवळपास एकच.

याच दिवसांत आइन्स्टाइननी हॉलंडमधल्या लायडनला कामर्लिंग ओनेस यांनाही लिहिलं. त्या वेळी त्यांनी जोडकार्ड पाठवलं होतं. आपल्याकडेही ते मिळायचं : एकाला एक जोडलेली दोन कार्डं, एकावर आपण लिहायचं आणि दुसरं कोरं, तिकिटासकट, समोरच्याने उत्तर लिहून टाकायचं. उत्तर द्यायला पैशाचा खर्च नाही, फार कष्टही नाहीत, अशी सोय उमेदवारानेच स्वतःच्या खिशातून करून दिलेली. ओनेस यांनी ते अर्धं वापरलंच नाही. ते कार्ड आज लायडनच्या बूरहाव संग्रहालयात आहे. १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात आइन्स्टाइनना जागा मिळाली, ती मित्र ग्रोसमान याच्या वडिलांनी शब्द टाकल्यामुळे. आणि ज्या ऑस्टवाल्डनी पत्रांना उत्तर दिलं नव्हतं, त्यांनीच १९१० च्या नोबेलसाठी आइन्स्टाइनचं नाव सगळ्यांत आधी सुचवलं. याचा मला आनंद वाटतो, पण १९०१ च्या एप्रिलमधलं ते मौन त्याने भरून निघत नाही. तो महिना त्या बापलेकांनी काढायचा तो काढलाच.

आमच्या ऑफिसातही कित्येक अर्जांना स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलेलं असायचं. सुरुवातीच्या काळात मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला नकाराचं पत्र जायचं. आम्ही त्याला ‘रिग्रेट’ म्हणायचो. चार ओळींचा सायक्लोस्टाइल मजकूर, वर नाव हाताने घातलेलं. पुढे वर नवीन माणसं आली. त्यांनी हिशेब केला, की ही पत्रं पाठवून मिळतं काय? जाहिरातीत एक ओळ घातली गेली : केवळ निवड झालेल्या उमेदवारांनाच कळविण्यात येईल. रिग्रेट बंद झाली. पत्ता लिहिलेली, तिकिटं लावलेली ती पाकिटं कपाटात गठ्ठा बांधून पडून राहिली.

ती ओळ मला कधीही सहन झाली नाही. अर्ज शेकड्यांनी येतात, त्या सगळ्यांना उत्तर देणं अवघड आहे, हे मान्य. मुलाखतीला येणारे मोजके असतात. त्यांना आपण बोलावलेलं असतं. त्यांनी त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते किंवा आहे त्या नोकरीत खोटं कारण सांगून रजा काढलेली असते. इतकं करून आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचेही कष्ट आपण घेणार नसू, तर ‘कळवतो’ कशाला म्हणायचं? आणि उत्तर न देण्याने माणूस फक्त निराश होत नाही, तो अडकून पडतो. दुसरीकडून बोलावणं आलं तर जावं की थांबावं, हे त्याला ठरवता येत नाही. नकार आला तर तो त्या संध्याकाळी रडेल, जेवणार नाही, पण सकाळी उठून दुसरा अर्ज लिहील.

आता तर मौनाची यंत्रंच बसवली आहेत. अर्ज पोर्टलवर भरायचा, पोच येते ती उलट उत्तर देता न येणाऱ्या पत्त्यावरून. चार-चार फेऱ्या होतात, घरी करायला काम देतात, ते करून पाठवलं की पलीकडचा आवाज बंद. माझ्या भाचीने कॅनडात टोरंटोजवळ नोकरी शोधताना हे सगळं सोसलं. तिच्याकडूनच मला कळलं, की त्यांच्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नवा नियम लागू झालाय. पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या मालकाने, जाहिरात दिलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली त्या उमेदवाराला, शेवटच्या मुलाखतीपासून पंचेचाळीस दिवसांत निर्णय झाला की नाही हे कळवायचं. फोनवर ऐकताना मला इतका आनंद झाला की मी तिला ते दोनदा सांगायला लावलं. उत्तर देणं हा चांगुलपणाचा भाग राहिला नाही, ते कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलं गेलं. आपल्या राज्यात असा नियम व्हावा, असं मला मनापासून वाटतं. पंचेचाळीस दिवसही नकोत, महिना पुरे.

आमच्याकडे ती ओळ जाहिरातीत गेल्यावर मी साहेबांच्या मागे लागले. महिन्यात मुलाखतीला येतात किती, पाकिटाचे पैसे होतात किती, हे कागदावर मांडून दाखवलं. शेवटी मुलाखतीला येऊन गेलेल्यांपुरती परवानगी मिळाली. या वेळी मजकूर मी मराठीत केला आणि छापील वाक्यांच्या खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली. साहेबांकडे सांगण्यासारखं काही असलं तर ते तिथे पेनाने लिहायचं. सगळे साहेब सांगत नसत. काहींना वाटे, कारण दिलं की वाद वाढतो. मला त्या मोकळ्या जागेमुळे वाद झालेला आठवत नाही.

उलट एकदा नकाराच्या पत्राला उत्तर आलं. सांगोल्याकडच्या एका डिप्लोमा झालेल्या मुलीचं. तिला छापील पत्र गेलं होतं, खालची जागा कोरीच राहिली होती. तिने लिहिलं होतं की कळवलंत हे बरं झालं, मी वाट बघणं थांबवलं. कुणाला घेतलंत ते विचारत नाही, पण माझं काय कमी पडलं तेवढं सांगता आलं तर उपकार होतील. सोबत पाकीट जोडलं होतं, पत्ता लिहून, तिकीट लावून.

मी पत्र घेऊन साहेबांकडे गेले. ते घाईत होते, तरी बसले आणि मुलाखतीचा कागद काढायला सांगितला. मग त्यांनी सांगितलं तसं मी लिहून घेतलं : ड्रॉइंग वाचण्याचा सराव करा, मापं तुम्हाला येतात, टॉलरन्सच्या खुणांवर अडखळता. मार्चनंतर पुन्हा अर्ज पाठवा, आमच्या क्वालिटी विभागातले दोघे जण निवृत्त होत आहेत. अर्जावर माझं नाव घाला.